कोणताही परिणाम नसलेली चूळ

माणसाचं तोंड त्याचं स्वतःचं असतं, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. ओठांच्या बाहेरचा भाग त्याचा, याबद्दल वाद नाही. तिथे तो मिशी ठेवू शकतो, लाली लावू शकतो, हवं तर नुसतं वाकडं करू शकतो. पण ओठ ओलांडले की कायद्याची हद्द सुरू होते. आत जे जाणार ते अन्न, औषध की नुसती हौस, हे ठरल्याशिवाय सुधारलेल्या समाजात साधी चूळही भरता येत नाही. ज्या समाजांनी हे ठरवलं नाही ते आज कुठे आहेत? (आमच्याकडे नोंद नाही. पण ते कुठेच नसावेत, असा खात्याचा अंदाज आहे.)

मी या खात्याच्या वर्गीकरण कक्षात एकोणीस वर्षं सहायक आहे. कक्ष दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून डावीकडे, पाण्याच्या कूलरच्या पलीकडे. आत दोन टेबलं, काचेच्या दाराचं एक कपाट, खिडकीत एक कुंडी आणि कोपऱ्यात बेसिन. बेसिनचा नळ बंद करून टाकलेला आहे. तोंड धुण्याच्या द्रव्यांवर निर्णय देणाऱ्या कक्षातच तोंड धुण्याची सोय असणं हा हितसंबंध ठरू शकतो, असा शेरा मागच्या तपासणीत आला होता. कपाटात तपासणीसाठी आलेल्या बाटल्या असतात: निळ्या, हिरव्या, गुलाबी आणि एक तपकिरी. तपकिरी बाटलीबद्दल कुणालाच काही माहीत नाही, म्हणून तिच्याबद्दल सगळ्यांना आदर आहे.

कामाचं स्वरूप वाचकांना थोडक्यात सांगितलं पाहिजे. मुखप्रक्षालन द्रव (म्हणजे माऊथवॉश) दोन वर्गांत मोडतो. तोंडाच्या वासावर पांघरूण घालतो तो वर्ग एक, म्हणजे शोभेची वस्तू. वास जिथून येतो तिथे जाऊन काहीतरी करतो तो वर्ग दोन, म्हणजे औषध. वर्ग एकसाठी चार पानी अर्ज भरावा लागतो आणि नऊ दिवसांत परवानगी मिळते. वर्ग दोनसाठी गाळलेल्या हवेच्या तीन खोल्या लागतात, पदवीधर रसायनतज्ज्ञ लागतो आणि तीनशे तोंडांवर सहा महिने चाचणी लागते. त्यांतल्या दीडशे तोंडांनी नुसत्या रंगीत पाण्याच्या चुळा भरायच्या असतात. (मागच्या एका चाचणीत रंगीत पाणीवाल्यांनी जास्त समाधान व्यक्त केलं. तो अहवाल वर्ग एककडे पाठवण्यात आला.)

थोडक्यात, ज्या वस्तूचा उपयोग नाही ती उद्यापासून विकायला हरकत नाही; जिचा उपयोग आहे तिने आधी तो सिद्ध करायचा. वरवर पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण जरा शांतपणे विचार करा. उपयोग नसलेल्या वस्तूपासून आजवर कुणाला अपाय झालाय का?

शिवाय इतर शाखांचे हक्क असतात. बाटलीत अल्कोहोल असेल तर दारूबंदीवाले ती आपली म्हणतात. एक निळी बाटली त्यांच्याकडे दोन वर्षं होती. परत आली तेव्हा रिकामी होती आणि सोबत 'तपासणी समाधानकारक' असा शेरा होता. फ्लोराईड असेल तर पाणीवाले पत्र पाठवतात. अन्नशाखेने तीन बैठका घेऊन ठरवलं की जे तोंडात जातं पण पोटात जात नाही ते अन्न नव्हे. त्यामुळे च्युइंगम आमच्याकडे आलं. मग पोरं ते गिळतात असं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ते परत गेलं.

या सगळ्याच्या शिखरावर आमचे साहेब. त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. कुणाकडून भेट म्हणून साधं कॅलेंडर घेतलं नाही. भिंतीवर तारीख नसल्यामुळे ते रोज मला विचारायचे. नियमावली त्यांना पाठ होती, पोटनियमांसकट. त्यांना फक्त एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती अकरा वर्षं त्यांना कुणी सांगितली नव्हती. साहेबांच्या तोंडाला वास यायचा.

साधासुधा वास नव्हे. तो त्यांच्या आधी खोलीत यायचा आणि ते गेल्यावरही काही काळ कामकाज पाहायचा. यातून खात्याचं नुकसान झालं असं कुणी समजू नये. आमच्या कक्षातली सुनावणी सरासरी चार मिनिटांत आटपायची. अर्जदार हुज्जत घालत नसत; साहेब पुढे झुकून "आपलं म्हणणं काय?" असं विचारायचे आणि अर्जदाराचं म्हणणं संपायचं. प्रकरणं निकाली काढण्याचं आमचं प्रमाण चौऱ्याण्णव टक्के होतं, सबंध इमारतीत सर्वांत जास्त. त्याबद्दल साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं, तेही टपालाने. अभ्यागतांची खुर्ची मी दरवर्षी चार बोटं मागे सरकवत होतो. ती आता खिडकीला टेकली होती.

अशा सुरळीत चाललेल्या कक्षात एका मंगळवारी बाई आल्या.

बाई साठीच्या पुढच्या, अंगाने काटक, पांढरे केस घट्ट बांधलेले. एका दातांच्या दवाखान्यात त्यांनी एकतीस वर्षं मदतनीस म्हणून काम केलं होतं. डॉक्टरांच्या हातात हत्यारं द्यायची आणि पेशंटला "चूळ भरा" म्हणायचं, हे त्यांचं काम. (दिवसाला चाळीस पेशंट आणि प्रत्येकी दोन चुळा धरल्या तर त्यांनी हे शब्द सात लाखांवर वेळा उच्चारले असावेत. एवढ्या सातत्याने एकच गोष्ट सांगणारं दुसरं उदाहरण फक्त आमच्या खात्यात सापडेल.) डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. तिथे पेशंटसाठी चुळेचं पाणी बाईच बनवायच्या. जुने पेशंट ते मागायला घरी येऊ लागले. मुलगा परगावी गेलेला, त्याचं फारसं काही कळत नव्हतं; घरात बाई आणि सून. दोघींनी गाडी नसलेल्या गॅरेजमध्ये स्टीलची एक टाकी बसवली आणि आता रीतसर परवानगी हवी म्हणून अर्ज केला.

सूनही बरोबर होती. तिने सहा बाटल्या टेबलावर मांडल्या. पाणी बिनरंगी होतं. इथेच मला शंका यायला हवी होती.

साहेबांनी अर्ज वाचला. पाणी, निलगिरीचं तेल, पुदिन्याचा अर्क, ओव्यातलं थायमॉल, जस्ताचा एक क्षार. अल्कोहोल नाही, रंग नाही, साखरेचा गोडवा नाही. सगळं ठीक होतं. मग ते लेबलपाशी आले आणि थांबले. लेबलवर एकच वाक्य होतं: 'हिरड्यांतून रक्त येणं कमी होतं.'

"हे वाक्य कशासाठी?" साहेबांनी पुढे झुकून विचारलं.

मी खिडकीकडे पाहिलं. एरवी एवढ्यात अर्जदार उठतात. बाई उठल्या नाहीत. उलट खुर्ची ओढत टेबलाला येऊन भिडल्या आणि साहेबांच्या तोंडात पाहू लागल्या.

"कमी होतं म्हणून," त्या म्हणाल्या. "साहेब, जरा मोठा आ करा बघू."

साहेबांना असा आदेश नोकरीत कुणी दिला नव्हता. त्यांनी आ केला.

"डावीकडे, वर. हिरडी सुजलीय, रक्त येतंय. दाढ हलते ना?"

"थोडीशी," साहेब म्हणाले.

"घासताना पांढरं पाणी लाल होतं?"

"होतं."

"आणि घरची मंडळी लांब बसतात?"

साहेबांनी तोंडावर हात धरला. बाईंनी सहा बाटल्यांतली एक त्यांच्यापुढे सरकवली. "सकाळ-संध्याकाळ. अर्धा मिनिट तोंडात फिरवायची आणि थुंकायची. गिळायची नाही. महिनाभरात फरक पडेल. पण दाढ एकदा दातांच्या डॉक्टरला दाखवा, नुसत्या चुळेवर राहू नका."

साहेब सावरले. पेन उचलून त्यांनी फाईलवर लिहिलं: 'अर्जदाराने सुनावणीदरम्यान वैद्यकीय स्वरूपाचा दावा तोंडी केला.' मग त्यांनी बाईंना नियम समजावून सांगितला. ते वाक्य लेबलवर राहिलं तर वर्ग दोन. मग तीन खोल्या, हवा गाळायचं यंत्र, रसायनतज्ज्ञ, तीनशे तोंडं.

"आमच्याकडे एक गॅरेज आहे आणि एक पंखा," सून म्हणाली.

"तर मग वाक्य काढा. त्याजागी 'ताजेपणाचा अनुभव' असं लिहा. नऊ दिवसांत परवानगी मिळेल."

"ताजेपणा म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"त्याची व्याख्या नाही. म्हणूनच त्याला पुरावा लागत नाही."

"मी खोटं लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि खरं आहे ते पुसणारही नाही."

त्या गेल्यावर साहेब कपाटापाशी गेले आणि काचेत पाहत राहिले. बाटल्या मोजत असावेत असं मला वाटलं. मग मागे न वळता म्हणाले, "खरंच का हो?"

"कशाबद्दल, साहेब?"

"त्या म्हणाल्या त्याबद्दल. लांब बसण्याबद्दल."

"याबाबत कक्षाकडे माहिती उपलब्ध नाही, साहेब," मी म्हणालो. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी दिलेलं हे सर्वांत भित्रं उत्तर होतं. साहेबांनी मान हलवली. त्यांना उत्तर मिळालं होतं.

आता नियम चौदा पाहा: 'नमुन्याचे सेवन करू नये.' साहेबांनी हा नियम दोन दिवस अभ्यासला. अन्नशाखेच्या निर्णयानुसार जे पोटात जात नाही त्याचं सेवन होत नाही. चूळ पोटात जात नाही. तेव्हा चूळ भरणं हे सेवन नसून तपासणी आहे. गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी मला कूलरवर पाणी आहे का ते पाहून यायला सांगितलं आणि आतून कडी लावली. बाहेर मला गुळगुळ असा आवाज ऐकू आला. तो बरोबर अर्धा मिनिट चालला. साहेब घड्याळ लावून करत असावेत; ते कुठलंही काम अर्धवट करत नसत. पुन्हा चार चाळीसला तोच आवाज.

प्रश्न होता तो थुंकण्याचा, कारण बेसिनला पाणी नव्हतं. खिडकीतल्या कुंडीतलं मरगळलेलं रोपटं पंधरवड्यात तरारून वर आलं. यावरून हा द्रव खत ठरण्याचा आणि प्रकरण शेतीखात्याकडे जाण्याचा धोका निर्माण झाला. मी कुंडी उचलून जिन्यात नेऊन ठेवली आणि साहेबांच्या टेबलाखाली एक रिकामी बादली ठेवली. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

पाचव्या आठवड्यात साहेबांच्या घरून फोन आला. वहिनी होत्या.

"भाऊजी, ह्यांना काय झालंय हो?"

"का वहिनी? काय झालं?"

"काल चहा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले."

"मग?"

"मग काय, मी उठले नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा उठले नाही. तासभर बोलत बसलो. त्यांना इतकं बोलायचं होतं हे मला माहीतच नव्हतं. ऑफिसात काही घडलंय का?"

"वहिनी," मी म्हणालो, "प्रकरण प्रलंबित आहे."

वैयक्तिक पातळीवर हे सगळं आनंदाचं असलं तरी प्रशासकीय पातळीवर अनर्थ सुरू झाला होता. अर्जदार खुर्ची पुढे ओढून बसू लागले. साहेब "आपलं म्हणणं काय?" म्हणाले की खरोखरच आपलं म्हणणं मांडू लागले. मुद्दे निघाले, दाखले निघाले. एका टूथपेस्टवाल्याने तर सव्वादोन तास युक्तिवाद केला आणि जाताना हात मिळवला. निकाली काढण्याचं प्रमाण चौऱ्याण्णववरून सदतीस टक्क्यांवर आलं. वरून विचारणा झाली. मी 'अर्जदारांच्या वृत्तीत बदल' असं कारण कळवलं.

मग बाईंच्या प्रकरणाची सुनावणी लागली. तिसऱ्या मजल्यावर, मोठ्या टेबलाभोवती, सात जणांच्या समितीपुढे. समितीने आधीच्या चार बैठकांत बराच पल्ला गाठला होता. एका सदस्याचं मत होतं की चव कडू असेल तर औषध धरावं. दुसऱ्याचं मत होतं की बिनरंगी द्रव मुळात माऊथवॉशच नव्हे, ते पाणी आहे, आणि पाण्यासाठी वेगळी समिती आहे. तिसरे सदस्य स्वतः कवळी वापरत असल्यामुळे तटस्थ होते.

साहेब आदल्या दिवशी जेवलेही नव्हते. मला जिन्यात गाठून म्हणाले, "तुम्हाला पेच कळतोय ना? या पाण्याने माझ्या हिरड्यांचं रक्त थांबलं. डॉक्टर म्हणाले दाढ राहील. हे मी सांगितलं तर ते औषध ठरतं आणि उद्या बाईंची टाकी सील होते. आणि यातून काही होत नाही असं सांगितलं तर परवा त्यांना परवानगी मिळते."

"मग सांगा काही होत नाही म्हणून."

"मी आजवर सरकारी कागदावर खोटं लिहिलेलं नाही हो."

त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला थट्टा सुचली नाही. मी म्हणालो, "साहेब, सात जणांची समिती आहे. लिहिणार ते आहेत. तुम्ही फक्त बोलायचंय." ते कठड्याला धरून उभे राहिले. शेजारीच ती कुंडी होती. आता तिला फुलं आली होती.

सुनावणीत अध्यक्षांनी बाईंना विचारलं, "ते वाक्य लेबलवर का?"

"खरं आहे म्हणून."

"खरं असणं हा लेबलसाठी निकष नाही. पुरावा काय?"

"एकतीस वर्षं. लोक चुळेचं पाणी घेऊन जायचे आणि महिन्याने हिरडी दाखवायला परत यायचे. हसत यायचे."

"हसणं मोजलं होतं का?"

बाईंनी मोजलं नव्हतं. अध्यक्ष साहेबांकडे वळले. साहेबांचं बोलणं सुरू होण्याआधी रुमाल नाकाला लावण्याची अध्यक्षांची जुनी पद्धत होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला. "तुमच्या तपासणीत या द्रवाचा मानवी शरीरावर काही परिणाम आढळला का?"

साहेब उठले, अध्यक्षांच्या खुर्चीपर्यंत गेले, पुढे झुकले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "या द्रवाचा मानवी तोंडावर कोणताही परिणाम होत नाही."

पुदिना आणि निलगिरीची एक हलकी झुळूक टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. अध्यक्षांनी रुमाल तसाच खिशात ठेवला. कवळीवाले सदस्य किंचित पुढे सरकले. सातही जणांनी तो परिणाम छाती भरून आत घेतला आणि परिणाम नसल्याची एकमताने नोंद केली.

"खोटं बोलताय तुम्ही, साहेब!" बाई ताडकन उभ्या राहिल्या होत्या. "तुमच्या तोंडाकडे बघा! लाल हिरडी गुलाबी झालीय. मला इथून दिसतेय!"

"आई, बसा," सून त्यांचा हात ओढत कुजबुजली. "निकाल आपल्या बाजूने लागलाय."

"अशा बाजूने नको मला!"

अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला: स्वतःच्या बाजूने लागलेल्या निकालावर अर्जदाराला हरकत घेता येत नाही. मग त्यांनी आणखी एक अट घातली. समितीचा निष्कर्ष ग्राहकाला कळला पाहिजे, म्हणून हिरड्यांचं वाक्य काढून बाटलीवर ठळक अक्षरांत छापावं: 'या द्रवाचा कोणताही परिणाम होत नाही.' सगळ्यांनी टेबल वाजवलं.

परवानगी नवव्या दिवशी गेली. पण सहा आठवडे झाले तरी बाजारात एकही बाटली आली नाही. बाईंनी टाकी धुऊन पालथी घातली होती. जुने पेशंट दारावरून परत जात होते. सून कक्षात येऊन साहेबांना म्हणाली, "त्या बोलत नाहीत कुणाशी. एकतीस वर्षांचं पाणी काही कामाचं नाही असं स्वतःच्या हाताने बाटलीवर चिकटवायचं, हे त्यांच्याने होत नाही. घर कसं चालवायचं मी?"

साहेबांनी त्याच दिवशी 'स्थळपाहणी' अशी नोंद केली आणि मला घेऊन निघाले. नोकरीत ते प्रथमच स्थळ पाहायला निघाले होते.

गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. भिंतीला लागून रिकाम्या बाटल्यांच्या रांगा, पालथी टाकी, एका स्टुलावर बाई. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत. साहेब त्यांच्यासमोर उभे राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

"बाई," ते म्हणाले, "माझी दाढ वाचली. रक्त थांबलं. बायको माझ्याजवळ बसायला लागली. हे तुमच्या पाण्याने झालं. हे मी कुठेही लिहून देऊ शकत नाही. फक्त तोंडी सांगू शकतो."

बाई स्टुलावरून उठल्या. "आ करा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी आ केला. बाईंनी शटरखालून येणाऱ्या उजेडाकडे त्यांची हनुवटी वळवली, डावीकडे वर पाहिलं, बोटाने गाल जरा ओढून पाहिलं.

"तोंडीच हवं होतं मला," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. मग लगेच सुनेवर ओरडल्या, "बघत काय बसलीस? टाकी सरळ कर."

राहिला तो लेबलवरच्या खोट्या वाक्याचा प्रश्न. तो सुनेने सोडवला. ती म्हणाली, "आई, आपण पाण्यात थेंबभर निळा रंग घालू. रंगाने काही होतं का?"

"रंगाने काय होणार? काही होत नाही."

"मग झालं तर. लेबल रंगाबद्दल आहे असं समजा. बाटलीत निदान एक गोष्ट अशी असेल की जिच्याबद्दल ते खरं आहे."

बाईंनी विचार केला. आमच्या नियमावलीत याहून भक्कम तर्क मला आढळलेला नाही. साहेबांनी तिथल्या तिथे मान्यता दिली. रंग वर्ग एकमध्ये येतो.

बाटल्या बाजारात आल्या आणि तीन दिवसांत संपल्या. पुढच्या आल्या, त्याही संपल्या. 'या द्रवाचा कोणताही परिणाम होत नाही' असं ठळक छापलेलं असताना लोक त्या का घेत आहेत, याची खात्याला काळजी वाटू लागली आणि पाहणीचं काम माझ्याकडे आलं. मी चारशे बारा ग्राहकांना दुकानाच्या दाराशी गाठलं. दोनशे एकोणसाठ जणांनी रंग छान आहे म्हणून बाटली घेतली होती. एकशे सतरा जणांना शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. एकतीस जणांना ती फिनाईलची वाटली होती. (त्यांचीही तक्रार नाही.) लेबल पाच जणांनी वाचलं होतं. त्यांतले चार आमच्या समितीचे सदस्य निघाले. ते प्रत्येकी सहा सहा बाटल्या घेऊन चालले होते. पाचवा छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि त्याने 'कोणताही' मधली वेलांटी नीट उमटलेली नाही एवढंच सांगितलं.

साहेबांचं म्हणाल तर त्यांची बदली झाली. चौकशीत कोणताही गैरप्रकार आढळला नाही. नमुन्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्याबद्दल मी 'बाष्पीभवन' असा खुलासा दिला आणि तो मान्य झाला. बदलीचं कारण सदतीस टक्के हे होतं. आता ते वरच्या मजल्यावर केस उगवणाऱ्या तेलांच्या टेबलावर बसतात. ते पूर्ण टकले असल्यामुळे कुणाचाही हितसंबंध संभवत नाही, असं आदेशात म्हटलं आहे. परवा दुपारी मी त्यांना भेटायला गेलो तर दाराला आतून कडी होती. मी कूलरवर पाणी आहे का ते पाहायला गेलो.

वर्गीकरण कक्षाचा कार्यभार माझ्याकडे आला आहे. या लिखाणात बाईंच्या बाटलीचं नाव मी नियमानुसार दिलेलं नाही. तरीही इथवर वाचताना तुमच्या मनात सत्य, कायदा किंवा न्याय यांपैकी काहीएक आलेलं नसून ती बाटली मिळते कुठे एवढंच आलेलं आहे, याची कक्षाला कल्पना आहे. उत्तर मिळेल. मात्र चौकशी पत्राने करावी. समक्ष येऊ नये. 'आमच्या घरात आजवर कुणी काही बोललेलं नाही' हा पुरावा आमच्याकडे ग्राह्य धरला जात नाही.